चैत्राची बेगमी

बाग म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें वसंत उभा राहतो. कवींनीं तर वसंतास ऋतूंचा राजा करून टाकलें आहे. आणि राजा आला म्हणजे त्याच्या स्वागताची सिद्धता कोणीं केली, हें विचारण्याची चाल आपल्याकडे नाहीं. परंतु ज्यानें स्वतः कुदळ हातीं धरून दोन वाफे तरी केले आहेत त्यास हें पक्कें ठाऊक असतें कीं, चैत्रांत मोगरा फुलतो तो पौषांतल्या कामामुळें, आणि वैशाखांत लिंबाचें झाड हिरवें राहतें तें मार्गशीर्षांतल्या हिशेबामुळें. विद्यार्थ्यांस मी नेहमीं सांगत असें कीं, ज्यानें रूपें दिवाळींत पाठ केलीं त्यास परीक्षा सोपी जाते. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सरस्वती कोणाच्याहि घरीं येत नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर तोच पाठ आतां मी झाडांपाशीं गिरवीत आहें.

आमचें बेंबळी हें धाराशिव तालुक्यांतील गांव. बालाघाटच्या पठाराचा हा मुलूख. जमीन कोठें काळी, भारी आणि चिकट. तर कोठें हातभर खणलें कीं मुरूम लागतो. पाऊस मृगापासून हस्तापर्यंत जो काय पडेल तो. पुढचे सात-आठ महिने आभाळाकडे पाहून उपयोग नसतो. वाड्यामागें आमचा परस आहे, साठ फूट लांब व चाळीस फूट रुंद. एका कोपऱ्यांत आड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां परसाची मागची भिंत ढासळली. तिचेच दगड आतां वाफ्यांच्या कडांना लावलेले आहेत. एक रायवळ आंबा, एक कागदी लिंबू, दोन डाळिंबें, सीताफळ, शेवगा, कढीपत्ता, पारिजातक, मोगऱ्याचीं चार झुडुपें, केळींचें पांच खुंटांचें बेट, सांडपाण्यावरचें अळू आणि भाजीचे चार वाफे, एवढाच हा संसार. घरांत माणसें नऊ. झाडांचा आणि माणसांचा आड एकच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व कथा त्यावरच अवलंबून आहे.

आमच्याकडे परसाच्या कामाचा मुहूर्त वेळ अमावास्येनंतर. लातूर-धाराशिवकडे जन्म गेलेल्यांस हा सण सांगावा लागत नाहीं; इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. मार्गशीर्षाच्या अमावास्येस सारें गांव शेतांत जातें. कडब्याची कोप उभारून तींत पूजा मांडतात. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि जी निघेल ती भाजी एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यांतली आंबील असा बेत असतो. त्या दिवशीं गांवांतल्या गल्ल्या ओस पडतात. ज्यांची शेती राहिली नाहीं त्यांसहि कोणी ना कोणी बोलावतोच. त्या मोकळ्या रानांत हातीं आंबिलीचें भांडें घेऊन बसलें असतां मनुष्यास आपोआप समजतें कीं, भूमि आतां भरली आहे आणि येथून पुढें ती रिती होत जाणार आहे. दुसरे दिवशीं सकाळीं मी कुदळ काढतों.

पहिलें काम मोगऱ्याचें. नवख्या मनुष्यास तें क्रूरपणाचें वाटतें. मार्गशीर्षापासूनच मोगऱ्याचें पाणी तोडावयाचें. पानें पिवळटतात, कांहीं गळतात. तरी द्रवूं नये. पौष अर्धा झाला म्हणजे झुडूप गुडघ्याइतकें राखून छाटावें, वाळकी व आंत शिरलेली काडी काढून टाकावी, उरलेलीं पानें हातानें खुडावीं, बुंध्याभोंवतीं माती उकरून मुळ्यांस चार-सहा दिवस ऊन लागूं द्यावें. मग कुजलेलें शेणखत घालून आळें भरावें आणि पाणी सुरू करावें. उपाशी राहिलेलें झाड अन्न मिळतांच नवी पालवी फोडतें, आणि नव्या पालवीवरच कळी धरते. बागवान लोक यास ‘ताण देणें’ म्हणतात. आपल्या पूर्वजांनीं उपवासानंतर पारणें ठेवलें त्यांतहि असेंच कांहीं मर्म असावें.

परंतु मोगऱ्याच्या शेजारींच कागदी लिंबू आहे, आणि त्यास याच वेळीं उपाशी ठेवणें म्हणजे हातचें घालविणें होय. लिंबाला वर्षांत तीन बहार येतात: पावसाच्या आरंभीं मृग बहार, पावसाच्या अखेरीस हस्त बहार आणि आंबा मोहरतो त्या सुमारास आंबे बहार. ज्यास आंबे बहार घ्यावयाचा त्यानें मार्गशीर्ष-पौषांत झाडास ताण द्यावा. पण मग तीं फळें सबंध उन्हाळा झाडावर वाढतात आणि सबंध उन्हाळा पाणी मागतात. आमच्या आडास तें परवडत नाहीं. म्हणून आम्ही हस्ताचा बहार धरतों. त्याचीं फळें हिवाळ्यांत सुपारीएवढीं असतात आणि चैत्र-वैशाखांत, म्हणजे सरबताचे दिवस येतात व बाजारांत लिंबू महाग होतें तेव्हां, हातीं येतात. सबब एकाच वाटेवर दोन झाडें, एकास निर्जळी व दुसऱ्यास जेवण, असा प्रकार चालतो. दोहोंचीं आळीं वेगळीं ठेवून मध्यें वीतभर वरंबा घातला नाहीं तर एकाचें पाणी दुसऱ्यास जाऊन दोन्ही बिघडतात.

आंब्यास या दिवसांत कांहीं करावयाचें नसतें, आणि कांहीं न करणें हेंच पुष्कळांस साधत नाहीं. मोहर दिसला कीं घरांतील मुलें उत्साहानें बादल्या ओततात. मोहरापूर्वीं पाणी दिल्यास मोहराऐवजीं पालवी फुटण्याचें भय असतें. कैरी वाटाण्याएवढी धरली म्हणजे मग पाणी द्यावें. मोहरावर तुडतुडे बसतात आणि आभाळ आलें कीं भुरी पडते. भुरीसाठीं बारीक गंधकाची भुकटी सकाळीं वारा नसतांना धुरळावी, एवढेंच आम्ही करतों.

लिंबाच्या व डाळिंबाच्या बुंध्यास लेप देणें हें दुसरें काम. वर्षांतून दोनदां तो द्यावा, पावसाळ्यापूर्वीं व नंतर. आमचा दुसरा लेप दिवाळी आटोपल्यावर होतो. एक किलो मोरचूद पांच लिटर पाण्यांत आणि एक किलो कळीचा चुना पांच लिटर पाण्यांत वेगवेगळा भिजवावा. दोन्ही थंड झाल्यावर एकत्र करून बुंध्यास दोन-अडीच फुटांपर्यंत कुंच्यानें लावावें. भांडें मातीचें अथवा प्लॅस्टिकचें असावें, लोखंडाचें नसावें. मिश्रणांत विळ्याचें पातें क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे असें समजून आणखी घालावा. या औषधाची उत्पत्ति मौजेची आहे. फ्रान्सांत बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मळेवाले हें निळें मिश्रण शिंपडीत, तें चोरांनीं द्राक्षें खाऊं नयेत म्हणून. त्याच वेली केवड्या रोगापासून वांचतात असें प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षांत आलें, आणि १८८५ सालीं त्यांनीं तें जगापुढें मांडलें. चोरांसाठीं केलेली युक्ति रोगास लागू पडली. निरीक्षण करणारा डोळा असला म्हणजे रस्त्याच्या कडेलाहि शास्त्र सांपडतें, तें असें.

आपल्याकडेहि असे डोळे होते. सहाव्या शतकांतील वराहमिहिर यांची ‘बृहत्संहिता’ पुष्कळांस केवळ ज्योतिषाचा ग्रंथ म्हणून ठाऊक असते. तींत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लावलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवस आड, आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हांच पाणी द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्या रोपास अद्याप फांद्या फुटल्या नाहींत तें शिशिरांत, ज्यास फुटल्या तें हेमंतांत आणि ज्याचा बुंधा चांगला भरला तें वर्षाकाळीं हलवावें. हलवितांना त्याची जी बाजू ज्या दिशेस होती ती त्याच दिशेस ठेवावी, असाहि नियम आहे. जमीन मऊ करण्यासाठीं प्रथम तीळ पेरावे आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेंच गाडावे, हेंहि त्यांतच आहे. आजचे कृषिपदवीधर यास हिरवळीचें खत म्हणतात. मीं पडीक वाफ्यांत पावसाळ्यांत तीळ पेरून पाहिले. भारी माती खरोखरच भुसभुशीत झाली.

हिवाळ्यांतला पालापाचोळा जाळणें हें मी पाप समजतों. या खतकामाचें आधुनिक शास्त्र आपल्याच शेजारीं, इंदुरास, सिद्ध झालें. तेथील संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ पासून १९३१ पर्यंत जे प्रयोग केले, त्यांतून काडीकचरा, शेण, राख व माती यांचे थर रचून, ते ओले ठेवून, तीन वेळां उलथून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत निघाली. १९३१ मध्यें त्यांनीं यशवंत वाड यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहिला. हॉवर्डसाहेबांनीं ही विद्या आपण हिंदुस्थानांतल्या शेतकऱ्यांपासून शिकलों असें मोकळ्या मनानें कबूल केलें, हें मला त्यांच्या रीतीइतकेंच मोलाचें वाटतें. आमचा खड्डा कार्तिकांत भरतो, माघांत उघडतो. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र त्यांत टाकूं नयेत. त्या खुडून कागदावर वाळवाव्या व बीं चैत्रांत पेरावें. मंजिरी ठेवली तर तुळस थंडींत काडीसारखी होते.

भेंडी, गवार, काकडी व दोडका यांस वसंतपंचमीपूर्वीं हात लावूं नये. थंडींत बीं उगवत नाहीं, कुजतें. पंचमीनंतर रात्रभर भिजवून लावावें. शेवंतीचीं फुलें ओसरलीं म्हणजे दांडे जमिनीलगत छाटावे. बुडाशीं फुटणारीं पिलें हीच पुढच्या वर्षाची शेवंती. लसणावर व घेवड्यावर मावा दिसल्यास पांच किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यांत पातळ करून फवारावा. घरगुती बागेस त्याचा विसावा हिस्सा पुरतो.

हीं झालीं हातांचीं कामें. परंतु हिवाळ्याचें मुख्य काम हातांचें नाहीं, निर्णयाचें आहे. आणि तें टाळतां यावें म्हणूनच बहुतेक लोक खुरपणीचा देखावा करीत राहतात, असें मला वाटूं लागलें आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें साऱ्या देशानें वर्तमानपत्रांत वाचलें. आम्हीं तें परसांत पाहिलें. फाल्गुनांत आडाचा तळ दिसूं लागला. पुढें टँकरच्या पाण्यावर दिवस काढले. त्या वर्षीं पेरू गेला, दोन मोसंबीचीं झाडें गेलीं. आंब्यानें खोल मुळ्यांच्या बळावर तग धरला. सीताफळानें पानें टाकून दिलीं आणि निमूटपणें वाट पाहिली. शेवगा तर जणूं कांहीं झालेंच नाहीं असा उभा होता. तेव्हांपासून दर पौषांत मी आडाच्या दोराच्या गांठी मोजतों, आणि पाटीवर वैशाखाचा हिशेब मांडतों. पाणी आहे तोंवरच पाणी कोणास द्यावयाचें हें ठरवावें. तें संपल्यावर निर्णय आपण करीत नाहीं, ऊन करतें.

गेल्या पौषांतला हिशेब असा होता. वैशाखांत आडाचें पाणी पिण्यास, स्वयंपाकास आणि तुळशीस. बागेस उरतें तें वापरलेलें. नऊ माणसांच्या स्नानाचें, माणशी पंधरा लिटरप्रमाणें, एकशें पस्तीस लिटर. कपडे शेवटीं खळबळण्याचें पंचेचाळीस. एकूण एकशें ऐंशी, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या. स्वयंपाकघराचें पाणी अळवाकडे जातें तें वेगळें. आतां मागणी पाहा. लिंबास दिवसाआड दोन, म्हणजे रोजची एक, दोन डाळिंबांची मिळून एक, कढीपत्त्याची अर्धी, पारिजातकाची अर्धी, मोगऱ्याच्या दोन, केळीच्या पांच, चार वाफ्यांच्या आठ. बेरीज अठरा. बारांतून अठरा जात नाहींत, हें पहिलीच्या मुलासहि समजतें. पण कोणाचें नांव खोडावयाचें हें मात्र समजत नाहीं.

त्यांतच पुतण्याच्या मुलाची मुंज वैशाखांत ठरली होती. मांडवासाठीं परस मोकळा हवा, म्हणून पुतण्यानें सुचविलें कीं, “काका, माघांतच सबंध परसास फरशी घालून टाकूं. चिखल नाहीं, पालापाचोळा नाहीं. तुमच्यानेंहि आतां किती दिवस वांकवणार?” त्याचें बोलणें उद्धट नव्हतें, काळजीचेंच होतें. आणि त्यांतला प्रश्नहि खरा होता. मुलें पुण्यास आहेत. माझ्यामागें झारी कोण उचलणार, याचें उत्तर मजजवळ नाहीं. मीं त्यास उत्तर न देतां पाटी दाखविली. ‘या अठरांतल्या सहा तूं खोड, मग फरशीचें बोलूं.’ तो हिशेबनीस मनुष्य आहे. पाटी घेऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बसला. प्रथम त्यानें मोगरा खोडला. सूनबाईनीं तो पुन्हा लिहिला. मग केळी सगळ्याच खोडल्या.

केळींचें बेट थोरल्या वहिनींचें. त्यांनीं तें लाविलें त्यास चाळीसांवर वर्षें झालीं. घरांतल्या प्रत्येक पूजेचे खुंट, प्रत्येक पंगतीचीं पानें तेथूनच आलेलीं. पुतण्या आईपाशीं बोलण्यास कचरला, म्हणून पाटी घेऊन मीच गेलों. वहिनी लसूण सोलीत होत्या. त्यांनीं सगळें शांतपणें ऐकलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, पानें श्रावणांत लागतात, वैशाखांत नाहींत. मुंजीला खुंट लागतील तेवढे दोन राखा. बाकीचे तीन फाल्गुनांत जमिनीसरसे कापा आणि त्यांचेच सोपट कापून गड्ड्यांवर अंथरा. गड्डा मरत नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं पिलें फुटतात. बहात्तरच्या दुष्काळांत माझ्या माहेरीं असेंच केलें होतें.” एवढें बोलून त्या पुन्हा लसूण सोलूं लागल्या. कदली कांडापासून लावावी हें वराहमिहिर सांगतात; पण ती कापून कशी वांचवावी हें मला वहिनींनीं सांगितलें.

केळीच्या तीन गेल्या. राहिल्या तीन. तेव्हां भाजीचे वाफे चाराचे दोन करण्याचें ठरलें. त्यानें चार बादल्या वांचल्या. बेरीज अकरा झाली. एक बादली शिल्लक राहिली, ती पांखरांच्या परळांसाठीं व वाटेवरच्या गाईसाठीं लिहून ठेविली. मोकळ्या झालेल्या दोन वाफ्यांचे दगड उचलून, जमीन चोपून, शेणानें सारवली. मांडवाचा अर्धा भाग त्यावर बसला आणि अर्धा अंगणांत. फरशीचें नांव मग कोणीं काढलें नाहीं. मुंजीच्या पाहुण्यांच्या पाण्यासाठीं टँकर सांगितला होता. पंगतींचें हात धुण्याचें पाणी पुतण्यानें स्वतः पन्हळ लावून डाळिंबांकडे वळविलें. मीं त्यास तसें सांगितलें नव्हतें.

झाडांपैकीं जीं वैशाखांत मरण्याचा संभव अधिक, त्यांच्या बुडाशीं मीं कोरीं मडकीं गळ्यापर्यंत पुरलीं आहेत. मडक्यांतलें पाणी मातीस हवें तेवढेंच झिरपतें. वर झांकण ठेवल्यास ऊन तें पीत नाहीं. ही युक्ति चीनमधील फान शेंग-ची यांच्या दोन हजार वर्षांपूर्वींच्या कृषिग्रंथांत आहे. मडकें माघांत पुरावें, म्हणजे मुळ्यांस त्याची वाट शोधण्यास दोन महिने मिळतात. वैशाखांत पुरलें तर मुळीच्या आधीं ऊन पोंचतें.

मृगाचीं पहिलीं सरी पडल्यावर आठव्या कीं दहाव्या दिवशीं अंथरलेल्या सोपटांतून तीन हिरवीं टोंकें वर आलीं. वहिनींनीं तीं पाहिलीं, आणि नातवास बोलावून दाखविलीं. बटू आतां सकाळीं संध्या झाल्यावर ताम्हनांतलें पाणी तेथें ओततो. तें दोन पळ्यांहून अधिक नसतें; पण तो रोज ओततो. यंदाच्या पौषांत गांठी मोजण्यास त्यास आडावर नेणार आहें. दोर त्याच्या हातीं देईन; आंकडा पाटीवर त्यानेंच लिहावयाचा.